चित्रांचा सातबारा

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग मोडीत काढून डॉलर चलनात आणला. एक डॉलरच्या नव्या नोटेवर मागच्या बाजूला झाडाच्या सालीवर काढलेलं एक चित्र छापलं होतं. गुरमिरिंगू नावाचा आद्य शिकारी साप चावून मरतो आणि त्याचे अंत्यविधी होतात, हा त्या चित्राचा विषय. चित्र होतं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या डेव्हिड मलंगी यांचं, आणि ते वापरण्यापूर्वी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. असली चित्रं काढणारा कुणीतरी अनाम आणि बहुधा केव्हाच मेलेला असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. चित्रकार हयात आहे हे कळल्यावर मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी मलंगींना एक हजार डॉलर, मासेमारीचं सामान आणि एक पदक दिलं. कूम्ब्स सज्जन गृहस्थ होते, पुढे आदिवासींच्या हक्कांसाठी पुष्कळ झटलेही. तरीसुद्धा एका कुळाचा मृत्युविधी देशभर खिशाखिशांतून फिरत राहिला, आणि त्यावर कुणाचा तरी अधिकार असू शकतो ही शंका नोट छापणाऱ्या एकाही टेबलावर आली नाही.

हल्ली ‘कलेतून उपचार’ हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो. मूलनिवासी समाजांच्या बाबतीत तर तो जवळजवळ मंत्रासारखा म्हटला जातो: वसाहतवादाने जखमा केल्या, कला त्या भरून काढते. या मांडणीत एक सोयीचा आळस आहे. यात जखम हे कुणाच्या तरी मनात साठलेलं दुःख ठरतं आणि कला त्यावरची फुंकर. मग जमीन कुणी घेतली, मुलं कुणी नेली, खाणीचा परवाना कुणी दिला, हे प्रश्न अलगद बाजूला पडतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकलेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर निराळंच काही दिसतं. तिथे चित्रांनी जे काही बरं केलं, ते दावा मांडून केलं. ‘हे आमचं आहे, आणि आमचं का आहे ते आम्ही आमच्या पद्धतीने सांगतो’ असं चित्र म्हणालं आणि समोरच्याला ते पुरावा म्हणून वाचावं लागलं, तेव्हा काहीतरी हललं. चित्र केवळ आवडलं तेव्हा बहुतेक वेळा जुनाच अन्याय नव्या चौकटीत बसवला गेला.

इंग्रजांनी १७८८ मध्ये सिडनीला वसाहत केली ती मुळी हा प्रदेश कुणाच्याच मालकीचा नाही असं धरून. माणसं होती, ती दिसतही होती. पण त्यांच्याकडे कायदा आहे, जमिनीची वाटणी आहे, सीमा आणि वारसाहक्क आहेत, हे मानलं गेलं नाही. विसाव्या शतकात हजारो आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून सरकारी वसाहतींत आणि मिशनांत ठेवली गेली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाच्या अंदाजानुसार १९१० ते १९७० या काळात दहांतलं एक ते तिनांतलं एक मूल असं उचललं गेलं. मुलांबरोबर भाषा तुटली आणि कुठल्या पाणवठ्याचं गाणं कुणी कुणाला शिकवायचं ही साखळीही तुटली. तेव्हा या अन्यायाच्या मुळाशी एक नकार आहे: तुमच्याकडे कायदा नाही, म्हणून तुमच्या बोलण्याला साक्षीचं मोल नाही. त्यावरचा उपाय साक्षीच्याच वाटेने जाणार होता.

ती वाट १९६३ साली यिरकाला या गावात उघडली. आर्नहेम लँडच्या राखीव प्रदेशातला तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा काढून बॉक्साइटच्या खाणीसाठी देण्याचं केंद्र सरकारने ठरवलं. तिथे राहणाऱ्या योलंगू लोकांना विचारलं गेलं नाही. त्यांनी संसदेला अर्ज पाठवला. मजकूर टंकलिखित होता, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत. पण तो कागद चिकटवला होता सालीच्या फळीवर, आणि भोवतीच्या चौकटीत त्यांच्या कुळांची चित्रं रंगवली होती. सरकारी अर्जाचा नमुना पाळायचा आणि आपल्या कायद्याचाही नमुना पाळायचा, असा हा दुहेरी दस्तऐवज. ऑगस्टमध्ये तो कॅनबेराच्या लोकप्रतिनिधिगृहात मांडला गेला. सह्या बाराच आहेत, त्या साऱ्या समाजाच्या वतीने आहेत कशावरून, अशी शंका मंत्र्यांनी काढली. तेव्हा दुसरा अर्ज आला, त्यावर वडीलधाऱ्यांचे अंगठे होते. अंगठा उठवून जमीन गेल्याच्या कहाण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. इथे अंगठा उठला तो जमीन आमची आहे हे सांगायला.

चौकटीतल्या चित्रांना सजावट समजणं सोपं आहे, म्हणून ती कशी होतात ते जवळून पाहायला हवं. पावसाळ्यात निलगिरीच्या एका जातीच्या झाडाची साल सोलून काढतात, कारण तेव्हा ती रसाने सुटी झालेली असते. आगीवर शेकून ती सपाट करतात आणि वजनाखाली वाळवतात. रंग मातीचे: तांबडा, पिवळा, पांढरा, काळा कोळशाचा. बारीक समांतर रेघा ओढायला माणसाच्या केसांची लांब, जेमतेम काही केसांची कुंचली लागते. या तिरप्या रेघांची जाळी दाट झाली की पृष्ठभाग लखलखू लागतो, आणि त्या चकाकीत पूर्वजाची शक्ती असते असं योलंगू मानतात. कुठल्या आकृत्या कुणी काढायच्या हे ठरलेलं असतं. गुमाज आणि मदारपा कुळांची ओळख असलेली चौकडीची नक्षी म्हणजे बारू या मगर-पूर्वजाची आग: निखारे, ज्वाळा, भाजलेली कातडी. ज्या जमिनीत आणि पाण्यात बारूने ती आग नेली त्यांवर त्या कुळांचा हक्क; आणि हक्क आहे म्हणूनच ती नक्षी काढण्याचा अधिकार. आपल्याकडे सातबाऱ्यावर जे लिहिलं जातं, म्हणजे कुणाची जमीन, कुणाकडून आली, तिच्यात कुणाचा किती वाटा, ते सारं इथे नक्षीत नोंदलेलं असतं. म्हणून योलंगूंनी संसदेला जे पाठवलं त्याला कलाकृती म्हणणं हे त्यांच्या दृष्टीने अर्धवट वर्णन होतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जड आहे. अर्ज फसला ना? संसदेच्या निवड समितीने नुकसानभरपाईची आणि पवित्र स्थळं राखण्याची शिफारस केली, पण खाण झालीच. योलंगू न्यायालयात गेले, तर १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांचा दावा फेटाळला. मग चित्राने काय बरं केलं? उत्तर त्या निकालाच्याच पोटात आहे. या लोकांकडे सुसूत्र, नेमकी, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली कायद्याची व्यवस्था आहे हे ब्लॅकबर्न यांनी मान्य केलं; मात्र इंग्रजी कायद्याच्या अर्थाने ती मालमत्ता ठरत नाही, असं म्हटलं. कायदा आहे पण हक्क नाही, हे वाक्य फार काळ तग धरणारं नव्हतं. १९७३ मध्ये वुडवर्ड आयोग बसला, १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा झाला आणि १९९२ मध्ये माबो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘कुणाचीच नसलेली भूमी’ हे मूळ गृहीतकच निकालात काढलं. याचं सारं श्रेय सालीवरच्या दोन अर्जांना देणं भाबडेपणाचं होईल. त्यामागे संप होते, मोर्चे होते, वकील होते. पण हारलेला पुरावाही दप्तरी राहतो. सालीवरचे ते अर्ज आज संसदभवनात मांडलेले आहेत.

पुढच्या पिढीने हे शस्त्र अधिक जाणतेपणाने वापरलं. १९९६ मध्ये ब्लू मड बेच्या किनाऱ्यावर, गरांगली या बारूच्या पवित्र जागी, बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला. तिथे गोणपाटात मगरीचं तोडलेलं मुंडकं होतं. मदारपा कुळासाठी ही पूर्वजाचीच विटंबना. संताप व्यक्त करायच्या अनेक रीती होत्या. जाम्बावा मराविली आणि त्यांच्याबरोबरच्या कलावंतांनी निवडलेली रीत अशी की सबंध किनाऱ्यावरच्या कुळांनी आपापल्या समुद्राची, खाडीची, भरतीच्या पाण्याची चित्रं काढायची. सालीवरची ऐंशी चित्रं तयार झाली. त्यांत काय होतं? कुठलं गोडं पाणी कुठल्या खाऱ्या पाण्याला कुठे मिळतं, कुठला खडक कुणाचा, कुठला प्रवाह कोणत्या दोन कुळांना जोडतो. ही चित्रं देशभर प्रदर्शित झाली, राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने विकत घेतली आणि किनाऱ्यावरच्या हक्काच्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली. ३० जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आदिवासी जमिनीला लागून असलेल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यावरही मूळ मालकांचाच ताबा आहे, त्यांच्या परवानगीशिवाय तिथे मासेमारी करता येणार नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ऐंशी टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू झाला.

वाळवंटातली गोष्ट याहून विलक्षण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी डेझर्टच्या लोकांनी जमिनीचा दावा लावला तेव्हा अडचण अशी की न्यायाधिकरणाची भाषा इंग्रजी, आणि ज्येष्ठांचं ज्ञान त्यांच्या वेगवेगळ्या भाषांत विखुरलेलं. १९९७ मध्ये चाळीसहून अधिक जणांनी मिळून आठ बाय दहा मीटरचा एक कॅनव्हास रंगवला. त्यात वाळूचे डोंगर आहेत आणि मुख्य म्हणजे ‘जिवंत’ पाणवठे, ज्यांत सर्परूपी पूर्वज राहतात. न्यायाधिकरण फिट्झरॉय क्रॉसिंगजवळच्या पिर्नीनी इथे आलं तेव्हा कॅनव्हास जमिनीवर पसरला होता. एकेक दावेदार उठला, चालत जाऊन आपल्या पाणवठ्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. साक्षीदार आपल्या जमिनीवर उभा राहून साक्ष देतो आहे, आणि ती जमीन त्याने स्वतः रंगवली आहे! निकालाला आणखी दहा वर्षं लागली. २००७ मध्ये सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटरवरचा हक्क मान्य झाला, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढी भूमी. तोवर त्या कॅनव्हासवर उभे राहिलेले अनेक जण वारले होते.

यावर दुसरा आक्षेप घेतला जातो तो आदिवासींच्या बाजूनेच, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांची जमीन हिसकावली त्यांनीच आपली गुपितं उघडी करून मालकी सिद्ध करायची, हा कुठला न्याय? हिसकावणाऱ्याला कागद मागितला जात नाही. शिवाय या समाजांत ज्ञान सगळ्यांसाठी खुलं नसतं. काही फक्त पुरुषांचं, काही फक्त बायकांचं, काही दीक्षा घेतलेल्यांचंच. १९७१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जपासून अडीचशेक किलोमीटरवरच्या पापुन्या या सरकारी वसाहतीत जेफ्री बार्डन या शाळामास्तरांच्या उत्तेजनाने पिंटुपी आणि इतर वाळवंटी समाजांतल्या पुरुषांनी भिंतीवर आणि मग फळ्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली, तेव्हा हाच पेच उभा राहिला. सुरुवातीच्या काही फळ्यांवर विधींतल्या गुप्त वस्तू उघडपणे आल्या आणि शेजारच्या कुळांनी त्याला कडक हरकत घेतली. चित्रकारांनी काय केलं? उघड रूपं हळूहळू मागे सारली आणि त्यांवर ठिपक्यांचे थर चढवले. जगाने ‘ठिपक्यांची आदिवासी कला’ म्हणून जे डोक्यावर घेतलं, त्याचा बराच भाग म्हणजे ओढलेला पडदा आहे. किती दाखवायचं हे चित्रकार ठरवू लागला, यातच आक्षेपाचं अर्धं उत्तर आहे. उरलेल्या अर्ध्याला उत्तर नाही. पुराव्याचा भार उलटा आहे हे खरंच आहे, आणि चित्र तो भार हलका करतं, काढून टाकत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. जॉनी वरंकुला जुपुरूला यांचं कालिपिनिप्पा या जागेतलं पाण्याचं चित्र १९७२ मध्ये दीडशे डॉलरला गेलं. १९९७ मध्ये ते लिलावात दोन लाख सहा हजारांना आणि २००० साली चार लाख साडेशहाऐंशी हजारांना विकलं गेलं. त्या वाढलेल्या पैशांवर चित्रकाराचा कायदेशीर हक्क शून्य. त्यांचे अखेरचे दिवस गरिबीतच गेले. फेरविक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन देणारा कायदा आला तो २००९ मध्ये. स्मरणवस्तूंच्या दुकानांत ‘आदिवासी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालापैकी निम्म्याहून अधिक माल आदिवासींनी बनवलेलाच नसतो, असं ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये नोंदवलं. २०१९ मध्ये एका कंपनीला तेवीस लाख डॉलरचा दंड झाला, कारण तिची बूमरँगं इंडोनेशियात बनत होती. १९९४ च्या खटल्यात तर चित्रकारांच्या नक्षी व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर सापडल्या. त्यातली एक चित्रकर्ती बांडुक मरिका. तिने काढलेला पाणवठा तिच्या कुळासाठी पवित्र, आणि आता लोक त्यावर चपला घालून चालणार. तिची भीती पैसे बुडाल्याची नव्हती. आपण ही नक्षी राखू शकलो नाही म्हणून कुळ आपल्याकडून ती काढण्याचा अधिकारच काढून घेईल, ही होती. न्यायालयाने भरपाई ठरवताना ही सांस्कृतिक इजा हिशेबात धरली, हे त्या निकालाचं वेगळेपण.

तेव्हा बाजार लुटतो हे कबूल. पण त्यावरून ‘कलेने काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी किन्टोरकडे पाहावं. पापुन्यात कोंडलेले पिंटुपी १९८१ मध्ये पश्चिमेकडे आपल्या भूमीत परतले आणि तिथे हे गाव वसलं, ॲलिस स्प्रिंग्जहून पाचशेपेक्षा जास्त किलोमीटर दूर. वाळवंटातल्या आदिवासींमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचं प्रमाण इतरांच्या कित्येक पट आहे. डायलिसिस फक्त शहरात. म्हणजे आजारी पडलं की गाव, नातवंडं, विधी सगळं सोडून शहराच्या कडेला जाऊन मरायचं. वसाहतवादाने एकदा जमिनीवरून उठवलं, आता आजार उठवतो. इतक्या आडगावी यंत्र चालवणं परवडत नाही, असं सरकारी उत्तर होतं. नोव्हेंबर २००० मध्ये किन्टोर आणि किविरकुरा इथल्या बायकांनी आणि पुरुषांनी एकत्र रंगवलेले चार मोठे कॅनव्हास आणि इतर चित्रं सिडनीच्या कलादालनात लिलावात निघाली आणि दहा लाख डॉलरहून अधिक जमले. २००४ मध्ये किन्टोरमध्ये डायलिसिस सुरू झालं. ‘पर्पल हाउस’ या नावाने ओळखली जाणारी ती संस्था आज आदिवासींच्याच संचालनाखाली वीसच्या आसपास ठिकाणी काम करते. एक ट्रकही फिरतो, यंत्रं घेऊन. कलेने बरं होणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या गावाचं नाव सांगेन. यात रूपक काही नाही. ज्या पाणवठ्याचं चित्र विकलं, त्याच पाणवठ्याच्या जवळ माणूस जगू शकला. आणि पैसा कशावर खर्च करायचा हे चित्रं काढणाऱ्यांनी ठरवलं.

चौथा आक्षेप राजकीय. विमानांवर नक्षी, संसदेच्या अंगणात आदिवासी चित्राचा मोझेइक, सिडनी ऑलिम्पिकच्या उद्घाटनात नृत्य. आणि १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींना राज्यघटनेत सल्ल्याचा आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला. म्हणजे कला ही गोऱ्यांच्या अपराधभावावरचीच गोळी ठरली की काय? काही अंशी ठरलीच. मात्र कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात दोनशे पोकळ ओंडके उभे आहेत, त्यांच्यासमोर ही गोळी लागू पडत नाही. मध्य आर्नहेम लँडमध्ये मृताची हाडं अशा रंगवलेल्या ओंडक्यांत ठेवत. १९८८ मध्ये वसाहतीची द्विशताब्दी साजरी होत असताना जॉन मुंडाइन यांच्या कल्पनेतून ४३ कलावंतांनी वर्षाला एक याप्रमाणे दोनशे ओंडके रंगवले. सरकारी उत्सवाच्या वर्षात सरकारी इमारतीत उभी केलेली ही दफनभूमी आहे, आणि तिच्यामधून चालत जावं लागतं. रंगवणाऱ्यांत ते डॉलरच्या नोटेवाले मलंगीही होते. या वेळी त्यांना रीतसर विचारलं होतं.

आपल्याकडे वळायचं तर वारलीशिवाय दुसरं उदाहरण नको. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिशांनी जंगलं सरकारजमा करण्याचा रस्ता रुंद केला. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात सावकार-जमीनदारांची वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी राबणारा लग्नगडी हे त्याच काळाचं देणं. १९४५ च्या उठावात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारल्यांनी ती वेठ मोडली. ते काम लाल बावट्याने केलं, चित्राने नव्हे. चित्र तेव्हा घराच्या आत होतं: लग्नात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिलेला चौक, मधोमध पालघट देवी, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी; चौकाशिवाय लग्न लागत नसे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे हे चित्र कागदावर आलं, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेलं आणि मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनही मिळालं. नावाला संरक्षण आहे, तरी कुर्ते, कप, रेल्वे स्थानकांच्या भिंती यांवरची तारपा नाचाची वर्तुळं कुणाच्या परवानगीने येतात, हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांची साक्ष, विहिरी, स्मशानं, देवस्थानं पुरावा म्हणून धरता येतात; चित्राचा उल्लेख त्या यादीत नाही. चौक आणि नकाशा यांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे ऑस्ट्रेलियाची नक्कल इथे चालणार नाही. पण डहाणूच्या ज्या किनारपट्टीवर वाढवण बंदर उभं राहतं आहे, तिथल्या माणसांना विचारण्यापूर्वी त्यांचं चित्र पाहुण्यांना भेट द्यायचं, ही रीत १९६६ च्या त्या बँकेपेक्षा फार निराळी आहे असं मला वाटत नाही.

यिरकालाच्या खाणीचा हिशेब अजून मिटलेला नाही. अर्जाच्या काळात तरुण असलेले गुमाज कुळाचे नेते युनुपिंगू यांनी २०१९ मध्ये केंद्र सरकारविरुद्ध नवा दावा लावला: खाणीचे पट्टे देताना आमचा हक्क घेतलात, तर राज्यघटनेप्रमाणे त्याची रास्त भरपाई द्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते वारले. १२ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कुळाच्या बाजूने मान्य केलं. रक्कम ठरवण्याचं काम त्यानंतर पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेलं; सालीवरच्या पहिल्या अर्जाला तेव्हा बासष्टावं वर्ष लागलेलं होतं.